राहिलेलं जावळ

माझे केस कमरेपर्यंत वाढले, त्याला कारण एक टॉवेल आणि एक टोपी. नवस नव्हता, जट नव्हती, आणि मी पुढे साधूबिधू होणार असं भविष्यही कुणी वर्तवलं नव्हतं. माझ्या बारशाला आमच्या अण्णांनी मानाची टॉवेल-टोपी आधी सोसायटीच्या चेअरमनना दिली आणि नंतर माझ्या मामाला, एवढंच काय ते घडलं. मामा म्हणजे किसनमामा, आईचा थोरला भाऊ, जुन्नरच्या वरच्या अंगाला डोंगराखाली त्याचं गाव. त्यानं म्हणे टॉवेल हातात घेतला, टोपी त्यावर ठेवली, दोन्ही परत नारळाच्या ताटात नीट मांडली आणि जेवणाआधीच हात धुऊन एसटीच्या रस्त्याला लागला. आईनं त्याच्या वाट्याच्या मासवड्या फडक्यात बांधून गडी मागं धाडला. गडी मासवड्यांसकट परत आला. मामानं निरोप दिला होता, "चेअरमनला वाढा." हे सगळं मी पाळण्यात असताना झालं, पण मी ते इतक्या तोंडांनी ऐकलं आहे की मला ते ताट दिसतं, तो टॉवेल दिसतो, टॉवेलाची हिरवी किनारसुद्धा दिसते. किनार हिरवी होती की नव्हती देव जाणे. माझ्या गोष्टीत ती हिरवी आहे.

आता आमच्याकडे मुलाचं जावळ, म्हणजे जन्मापासूनचे पहिले केस, मामाच्या मांडीवर काढतात. मूल मामाच्या मांडीवर, समोर वस्तरा घेऊन न्हावी, केस पदरात झेलायला आत्या, आणि सगळ्यात आधी मामाला मान. मामा नाही तर मांडी नाही, मांडी नाही तर जावळ नाही. मामा म्हणायचा, दाजींनी स्वतः येऊन बोलवावं. अण्णा म्हणायचे, त्याला वाट ठाऊक आहे. शेजारपाजारच्यांनी तोड काढली की चुलत मामा बसवा, लांबचा बसवा, एवढ्या मोठ्या तालुक्यात मामांना काय तोटा. आईनं ऐकलं नाही. मांडी काय विळ्यासारखी उसनी आणायची असते का, असं ती म्हणे. तर असे दोन पुरुष आपापल्या तालुक्यात मांडी घालून बसले, एक जुन्नरात, एक आंबेगावात, आणि त्या दोघांच्या मधे माझे केस वाढत राहिले.

आमचं घर घोड नदीच्या काठाला होतं, मळ्यात. सकाळी जाग यायची ती पाण्याच्या मोटरच्या घरघरीनं, आणि वारा पूर्वेकडून असला की हमरस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे ऐकू यायचे. मंचरच्या बाजारात कांदा-बटाटा न्यायचा असला की अंगणात पोती रचलेली असायची आणि सगळ्या घराला मातीचा आणि बटाट्याचा वास. त्या वासात रविवारी दुसरा एक वास मिसळायचा, शिकेकाईचा. रविवार आमच्या नहाणीचा. आई चुलीवर मोठं पातेलं चढवायची, त्यात शिकेकाई, रिठे, संत्र्याची वाळकी सालं. नंदाताई, मंगल आणि मी, तिघंही ओळीनं. नंदाताई थोरली, मंगल मधली, मी शेंडेफळ. न्हाऊन झालं की ओट्यावर उन्हाला पाठ करून बसायचं, केस पुढं घेऊन. रस्त्यानं जाणारं नवखं माणूस म्हणायचं, वा, तीन लेकी. अण्णा बैलाला पाणी दाखवता दाखवता आत निघून जायचे. बाहेर अंगणात आई हसू दाबायची, आणि मग त्या उन्हात आम्हाला शेंगदाण्याचा गरम लाडू मिळायचा, बोटांना चटका बसेल असा.

सुरुवातीला माझी वेणी नंदाताई घालायची. ती वेणी घालायची टीव्हीसमोर. सिरियलमधली सासू कडाडली की माझा पेड कडाडून ओढला जायचा, आणि सुनेला रडू फुटलं की ताईचे हात सैल पडायचे. त्यामुळे माझ्या वेण्या वर घट्ट आणि खाली ढिल्या, कधी उलट्या, कथानक जसं वळेल तशा. एक दिवस मी फणी तिच्या हातातून काढून घेतली आणि सांगितलं, मी माझं मी बघतो. ती म्हणाली, बघ की, मागं डोळे हायेत का तुला? नव्हते. डोक्यामागचं काम बोटांनी बघायचं असतं आणि बोटांना ते शिकवावं लागतं. भिंतीतल्या कोनाड्यात आरसा होता, पाऱ्याचे टवके उडालेला, त्यात माझा एक कान आणि अर्धा भांग दिसायचा. उरलेलं सगळं मी चाचपडत शिकलो. तीन पेड, चार पेड, खजुरीच्या पानासारखी गुंफलेली वेणी, आणि शेवटी पाचपेडी, जी गावात दोनच बायकांना यायची आणि त्यातली एक म्हातारी होऊन विसरली होती.

प्रत्येक कामाला माझं वेगळं डोकं होतं. शाळेत पांढरी टोपी सक्तीची, तेव्हा टाळूवर घट्ट बुचडा आणि वर टोपी. ती टोपी माझ्या डोक्यावर बसत नसे, उभी राहायची, ओझरच्या गणपतीच्या कळसासारखी. पोरं मला दिगूबाई म्हणायची. दिगंबर माझं नाव. मी "ओ" द्यायचो. चिडवणाऱ्याला ओ दिली की त्याचं पुढचं वाक्य तयार नसतं, हे मी लवकर ओळखलं. गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, केस एवढे प्रिय आहेत तर जा, मुलींच्या रांगेत बस. गेलो, बसलो. आठवडाभरात तिथल्या तिघींना खजुरी वेणी शिकवली, दोघींचे भांग सरळ केले, आणि गणिताच्या तासाला मागच्या बाकावर आकड्यांची आणि रिबिनींची देवाणघेवाण सुरू झाली. गुरुजींनी मला परत मुलांच्यात आणून बसवलं. जाताना मुलींनी तोंडं पाडली होती. तेवढा सन्मान मला पुढे कुठल्याही कार्यालयात मिळाला नाही.

बटाटा काढणीला एकच वेणी, डोक्याभोवती गुंडाळून वर उपरण्याची पट्टी, म्हणजे माती आत जात नाही. चतुर्थीला ओझरला जाताना केस ओले, मधोमध भांग, अर्धे मोकळे. आई म्हणायची, देवापुढं मोकळे केस बरे न्हाईत, आणि मी म्हणायचो, देवाला माहीत आहेत माझे. यात्रेला दोन वेण्या, कानांवर वळवून, कारण पाळण्यात बसलं की एक वेणी तोंडावर येते. लग्नाला पाचपेडी. लग्नात मी दारात आलो की आधी कुजबुज, मग एखादी बाई जवळ येऊन माझं डोकं धरून फिरवायची आणि मागच्या गाठीची तपासणी करायची. घरातून कोण घालून देतं रं? मीच. हाताला हात लावून बघायच्या. संक्रांतीच्या आधी आमच्या ओट्यावर शेजारच्या सुना बसलेल्या असायच्या आणि मी पायरीवर उभा राहून त्यांना सांगायचो, ओढू नका, पेडाला श्वास घेऊ द्या. मला लई मजा यायची. अजून येते. माझी मुलगी हल्ली मोबाइलवर बघून वेण्या घालते आणि तिथली बाई जे इंग्रजी नाव सांगते ते मला ऐकवते. मी म्हणतो, बाळा, ही आपली खजुरी. ती म्हणते, बाबा, काहीही.

केसांवर भांडी देणारी एक बाई यायची, डोक्यावर टोपलं, वस्तीत शिरताना लांबवर आरोळी. विंचरताना गळालेले केस आम्ही भिंतीच्या फटीत कोंबून ठेवायचो, बहिणींची फट वेगळी, माझी वेगळी. एका उन्हाळ्यात माझ्या गुंतवळाची तिनं स्टीलची वाटी दिली. मंगलच्या गुंतवळाला नुसत्या सुया आणि एक फुगा. मी त्या वाटीतून बहिणींना आमटीचा थेंब घेऊ दिला नाही. एवढंसं पोर आणि घरात भांडं कमावून आणलेलं, कोण गप्प बसेल.

असं सगळं छान चाललेलं असताना नंदाताईचं लग्न ठरलं. आता मुलीच्या लग्नात मामा लागतोच. तोच तिला बोहल्यापर्यंत घेऊन येतो, तोच अंतरपाट धरलेला असताना तिच्या पाठीशी उभा राहतो. सुपारी फुटली त्या दिवशी नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी सहज चौकशी केली, मुलीचे मामा दिसले नाहीत. अण्णांनी खोकून विषय कांद्याच्या भावावर नेला. पावणं गेल्यावर आई ओसरीवर येऊन अण्णांसमोर उभी राहिली. आईला मी त्याआधी कधी अण्णांसमोर अशी उभी राहिलेली बघितलं नव्हतं, ती नेहमी त्यांच्या बाजूनं जायची, समोरून नाही.

"माझ्या लेकीमागं माझा भाऊ हुभा राहील," ती म्हणाली. "न्हाईतर अंतरपाट तुमीच धरा, मंगलाष्टका तुमीच म्हणा, आन् जेवायलाबी तुमीच बसा."

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचे कपडे घालून जुन्नरच्या गाडीत बसले. संध्याकाळी परत आले ते चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. मामा येणार. फक्त एक अट. आधी भाच्याचं राहिलेलं जावळ, हळदीच्या आदल्या दिवशी, सगळ्या पावण्यांसमोर, रीतीनं, मानासकट. मग लग्नात उभा राहीन. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि तो खाली घेईना. आत्यानं तिथल्या तिथं केस झेलायला कुठलं लुगडं नेसायचं ते सांगितलं. शंकरनाना न्हाव्यांना निरोप कोण देणार ते ठरलं. मासवड्या किती लागतील, खसखस मंचरहून कोण आणील, रश्शाला काळा मसाला आधीच कुटून ठेवावा का, इथपर्यंत बोलणं गेलं. मी त्याच खोलीत, भिंतीला टेकून, दुसऱ्या दिवशीच्या शाळेची तयारी म्हणून केस सोडवत बसलो होतो. माझ्या डोक्याची बैठक चालली होती आणि डोक्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी म्हणालो, "म्या न्हाई कापणार."

"तुला कुणी इचारलंय?" अण्णा म्हणाले. रागानं नाही, खरोखरच्या आश्चर्यानं. त्यांच्या मते खुंटीला टांगलेली छत्रीच एकाएकी बोलायला लागली होती.

पुढचे दिवस माझी मनधरणी चालली. आत्या म्हणाली, बिनजावळाच्या पोराला तिन्हीसांजेला धरतं. मी विचारलं, इतकी वर्सं का नाही धरलं. मंगल म्हणाली, केस काप, मग पोरगा दिसशील. मी म्हणालो, आत्ता काय बकरी दिसतो? अण्णांनी सायकल कबूल केली, मग घंटीची सायकल, मग सगळं आखडून घेतलं आणि म्हणाले, चार जणांनी धरून बसवू. मला राग यायचा तो कात्रीचा नाही, हे तेव्हाही मला कळत होतं. ते केस माझ्या डोक्यावर आले होते दोन मोठ्या माणसांच्या हट्टापायी. त्यांना ओझं वाटलं नाही कधी. उन्हाळ्यात मान माझी भिजायची, उवांचं औषध माझ्या डोळ्यात जायचं, दिगूबाई मी ऐकायचो. त्यातून मी माझं काहीतरी उभं केलं होतं, आणि आता ते दोघं एकमेकांना खूश करायला ते उतरवून ताटात ठेवणार होते. शेजारच्या सुना शिकायला येत होत्या, त्या अण्णांच्या डोक्याकडे बघून येत नव्हत्या.

फक्त नंदाताई काही बोलली नाही. हळदीला दोन दिवस उरलेले असताना ती माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली, आणि माझी वेणी उगाच हातात घेऊन पेड मोजत राहिली. मग म्हणाली, "दिग्या, मामा परत गेला ना, तर आई मोडंल." काप असं काही तिनं म्हटलं नाही. मी त्या रात्रभर नुसता तेवढ्या वाक्यावर कूस बदलत राहिलो, कारण ते खरं होतं. आई त्या दिवसांत गाणं गुणगुणत भाकरी थापायची. मी तिला तोवर गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

तो दिवस उजाडला. अंगणात मांडव, पाट, पाटाभोवती रांगोळी, मागच्या अंगाला तीन चुली. खोबरं भाजल्याचा वास रस्त्यापर्यंत. मामा आला. मी त्याला कळायला लागल्यापासून पहिल्यांदा बघत होतो, दाराच्या फटीतून. उंच, वाळकुडा, मिशा पांढऱ्या, आणि बसायला लागला की उजव्या गुडघ्यावर हात ठेवणारा. आई त्याच्या पायाशी वाकली आणि तशीच राहिली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मांडवाच्या कापडाकडे बघत बसला. या खेपेला अण्णांनी चूक केली नाही. चेअरमन आलेले होते, पहिल्या रांगेत होते, पण अण्णा सगळी माणसं ओलांडून आधी मामाकडे गेले, टॉवेल दिला, टोपी दिली, वर फेटाही दिला. मामानं घेतलं. मांडवानं श्वास सोडलेला मी आतून ऐकला.

मला केस धुवून, सोडून, बाहेर यायला सांगितलं होतं. केस धुतले. मग आतून कडी लावली आणि मोठ्या कामाला बसलो. आधी मधोमध भांग, फणीच्या टोकानं ओढलेला, सुतासारखा. दोन्ही बाजूंनी चार चार बटा काढून पीळ देत मागे नेल्या. मागे पाचपेडी, वरपासून, एकही केस बाहेर नाही. तिचं शेपूट वळवून खाली अंबाडा, आकडे असे लपवले की शोधून सापडू नयेत. वर नंदाताईच्या हळदीसाठी आणलेल्या अबोलीच्या गजऱ्यातला एक वीतभर तुकडा तोडून गुंडाळला. पांढरा सदरा, नवी विजार, कपाळाला गंध. दार वाजत होतं. मी हातांना लागलेलं खोबरेल दंडाला पुसलं आणि कडी काढली.

मी मांडवात आलो तेव्हा भांड्यांचे आवाज थांबले. चुलीवरची बाई पळी हातात धरून उभी. अण्णांचे एक चुलते मोठ्यानं म्हणाले, नवरी आजच बाहेर काढली का रं, आणि दोनचार जण हसले, पण ते हसू पुढे गेलं नाही. कारण बायका हसत नव्हत्या. त्या अंबाडा बघत होत्या. मी सरळ पाटापर्यंत गेलो आणि मामाच्या मांडीवर बसलो. बारा वर्षांचं, लांब पायांचं पोर मी, माझे पाय पाटावरून खाली, रांगोळी ओलांडून पार शंकरनानांच्या पेटीपर्यंत गेले. मामाचा गुडघा कण्हलेला मला कळला. त्याच्या सदऱ्याला तंबाखूचा आणि एसटीच्या डिझेलचा वास होता. समोर आत्या लुगडं पसरून बसली.

"सोड रं बाळा केस," नाना म्हणाले.

"न्हाई सोडणार."

अण्णा दोन पावलं पुढे आले. त्यांचा हात वर गेला होता, आणि वर गेलेला हात मांडवभर माणसांना दिसतो हे त्यांच्या लक्षात आल्यामुळे तो तिथंच राहिला. मामानं मला खांद्याला धरून जरासं वळवलं, तोंड दिसेल इतपत.

"का रं?" त्यानं विचारलं.

मी त्याच्यासाठी मोठं भाषण पाठ केलं होतं. आरशासमोर म्हणून बघितलं होतं, हातवाऱ्यांसकट. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मला फक्त मामाच्या मिशीचे पांढरे केस एकेक दिसत होते. मी म्हणालो, "तुमी आला न्हाई. अण्णा आलं न्हाईत तुमच्याकडं. तवर ह्ये म्याच संभाळलं. आता माझं हायेत."

मामानं अण्णांकडे बघितलं, अण्णांनी मामाकडे. इतक्या वर्षांत त्या दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट ऐकावी लागली असेल तर ती ही. मला वाटलं, आता हा उठणार. मांडी खालून निघून जाणार, टॉवेल-टोपी ताटात जाणार, आणि आई मोडणार. तरी मी हात अंबाड्याकडे नेला नाही, हे आज सांगताना मला त्या पोराचं फार कौतुक वाटतं.

मामानं माझ्या डोक्याकडे बघितलं, मागून, बाजूनं, गावातल्या बायका बघायच्या तसं. मग म्हणाला, "नाना, पेटी मिटा."

"म्हंजे?" अण्णा म्हणाले. "आन् जावळ?"

"झालं की, दाजी. मामाचं काम मांडी द्यायचं. ती म्या दिली." त्यानं गुडघा चोळला. "चांगली कळ आली तवर दिली. केस त्याचं हायेत."

"पण रीत—"

"रीत म्या बारा वर्सं पाळली," मामा म्हणाला. "काय झालं ते दिसतंय न्हवं तुमाला. वाढा आता, मासवडी गार व्हतीय."

पण वाढायला कुणी हललं नाही, कारण आई पुढे आली होती. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, आत्याच्या शेजारी, आणि तिनं स्वतःचा पदर दोन्ही हातांवर पसरला. तिचा चेहरा रडून झालेला, धुतलेल्या पाटीसारखा होता.

"एक बट देशील का रं मला?" तिनं विचारलं.

तिच्या विचारण्यात लाडीगोडी नव्हती, धाक नव्हता. ती विचारत होती, आणि नाही म्हटलं असतं तर तिनं पदर मिटला असता. मी कानामागची पीळ दिलेली एक बट सोडवली, नानांच्या हातातली कात्री मागून घेतली आणि मीच कापली. ती तिच्या पदरात पडली. आईनं गाठ मारली. आत्या काहीतरी पुटपुटली, बहुधा लुगड्याबद्दल. मग एकदम सगळ्या पळ्या वाजायला लागल्या, आणि मामा मला म्हणाला, आता ऊठ बाबा, पाय गेला माझा. मासवड्या मी त्या दिवशी मामाच्या पंगतीला बसून खाल्ल्या. तो प्रत्येक वडी रश्शात बुडवून, एक डोळा मिटून खायचा आणि म्हणायचा, चेअरमनला पोचल्या का?

केस पुढे मी कापले, अर्थात. आता माझ्या डोक्यावर जे आहे त्यावर वेणी घालायला तिन्ही पेडांना रांगेत उभं राहावं लागेल. कधी कापले, कुठे, यात सांगण्यासारखं काही नाही. एका दुपारी मला वाटलं आणि कापले. हायस्कूलला मात्र केसांसकट गेलो, आणि तिथल्या टोपीनं काय काय सोसलं ते टोपीलाच ठाऊक.

जावळाच्या त्या दिवसानंतर अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. हळद झाली, माझ्या अंगाला लावलेली हळद त्यांनी बघितली नाही. लग्नाच्या सकाळी मी मागच्या खोलीत आरशासमोर होतो. बाहेर बँडवाल्यांनी ताशा गरम करायला घेतला होता. अण्णा आत आले, खांद्यावर फेट्याचं लांबलचक गुलाबी कापड. फेटे बांधणारा नवरदेवाकडच्या माणसांत अडकला होता आणि वऱ्हाड वेशीवर आलं होतं. ते माझ्या मागे उभे राहिले. आरशाच्या तुकड्यात मला त्यांचा एक खांदा दिसत होता.

"बांध," ते म्हणाले.

मी भांग पाडत राहिलो.

"बांध म्हणलं फेटा."

"कुणाला म्हणताय?" मी आरशातल्या खांद्याला विचारलं.

बाहेर ताशा कडाडला. आई कुणालातरी हाका मारत होती. अण्णांनी दाराकडे बघितलं, दारात कुणी नाही याची खात्री केली, आणि मग घसा साफ करून, पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, "दिगंबरराव, फेटा बांधून देता का?"

"बसा," मी म्हणालो.

ते पाटावर बसले. मी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्याला हात लावत होतो. मागे टकलाची चकती पडायला लागली होती, ती मी कुणाला सांगितली नाही. कापडाला पीळ दिला, एक टोक तुऱ्यासाठी सोडलं, आणि पाचपेडीला जो ताण देतो तो ताण देऊन फेटा बांधला, वर जरा जास्तच. त्यांच्या भुवया जागेवरून वर चढल्या आणि वरच राहिल्या. पण त्यांनी तो सोडून घेतला नाही. नंदाताईच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आमचे अण्णा जगात काहीतरी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे दिसतात.